रिव्हाइज, म्हणजे शब्द फिरवणं

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या ज्या ऑफिसात मी नोकरीला लागले, तिथं शाळेची वर्कबुकं तयार होतात. मला पहिलं काम मिळालं ते पाचवीच्या इंग्रजी व्याकरणाचं. छापून काढलेल्या पानांचा गठ्ठा आणि त्यावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, ‘प्लीज रिव्हाइज’. चिठ्ठी मॅडमची. मॅडम म्हणजे आमच्या संपादक. आधी त्या शाळेत शिकवायच्या, आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहिलं की आपण वही घरी विसरलोय असं वाटतं.

मी रिव्हाइज केलं. गठ्ठा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, घरी नेऊन गॅलरीत बसून परत वाचला. पानांना पेन्सिल लागू दिली नाही. कोपरे दुमडू दिले नाहीत. नीट थप्पी करून मॅडमच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर हजर, वर नवी चिठ्ठी, ‘रिव्हाइज अगेन’. माझी तयारी कमी पडलीय हे त्यांना कशावरून कळलं, याचाच विचार करत मी पुन्हा वाचायला बसले.

त्यानंतर मात्र त्यांनी मला बोलावून घेतलं.

“यात तू काय केलंस?”

“रिव्हाइज केलं, मॅडम.”

“कुठे?”

“इथे. आणि थोडं घरी.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग एक पान उघडून माझ्यासमोर फिरवलं. “हे बघ. मांजरं अनेक आहेत आणि क्रियापद एकवचनी. दिसलं नाही तुला?”

“दिसलं.”

“मग?”

मग काय, हे मला खरंच कळेना. “मला वाटलं तसंच लक्षात ठेवायचंय,” मी म्हणाले.

त्यांनी पानावर हात ठेवला. “पुढचं वाक्य काय आहे?”

मी सांगितलं. त्याच्या पुढचंही सांगितलं. रिकाम्या जागांसकट, छपाईच्या चुकांसकट सांगत गेले, कारण एकदा सुरू झालं की मला मधे थांबता येत नाही. मॅडम आधी आवाज न करता हसल्या. मग त्यांचं हसणं थांबलं आणि त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ते जास्त अवघड होतं.

“अगं, तुला पाठ करायला नाही ठेवलेलं,” त्या म्हणाल्या. “बदलायला ठेवलंय.”

*

माझं शाळेचं शिक्षण कोइमतूरला झालं, इंग्रजी माध्यमात. आम्ही मूळचे विट्याजवळचे. आमच्या भागातले पुष्कळ पुरुष देशभर कुठं कुठं गलाईच्या धंद्यात आहेत. लोकांचे जुने, मोडके दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, तो धंदा. पप्पांचं दुकान खाली, आम्ही वरच्या खोल्यांत. बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी, आणि घरात विट्याची मराठी, ती पप्पा आणि आई गावाकडनं जशी घेऊन गेले होते तशीच. पुढं कॉलेजला मी सांगलीला हॉस्टेलवर आले, तेव्हा मुलींना माझी गंमत वाटायची. इंग्रजी बोलताना ही मॅडम वाटते, मराठी बोलायला लागली की म्हशी वळायला निघालीय असं वाटतं, असं एकजण म्हणाली होती. त्यानंतर बराच काळ मी दोन्ही बेतानं बोलत राहिले.

शाळेत आम्हाला रिव्हिजन हा शब्द रोज भेटायचा. फर्स्ट रिव्हिजन टेस्ट, सेकंड रिव्हिजन टेस्ट, भिंतीवर रिव्हिजनचं वेळापत्रक. रिव्हाइज करायचं म्हणजे तेच ते पुन्हा वाचायचं, आणि उत्तर वहीत आहे तसं उतरवायचं. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर टीचर त्याच्याखाली रेघ मारायच्या. मी त्यात हुशार होते. न बदलण्यात माझा नंबर कधी खाली गेला नाही.

तर हा शब्द मला येतो असं मी धरूनच चालले होते. जे शब्द येत नाहीत ते माणूस बघतो तरी.

मॅडमनी त्या दिवशी मला घालवून दिलं नाही. पण जाताजाता म्हणाल्या, “दिवाळीच्या आत मला सरांना सांगायचंय, तुला ठेवायचं की नाही ते.” सर म्हणजे प्रकाशनाचे मालक. ते वर बसतात, आणि खाली आले की पंखे बंद करत फिरतात.

दिवाळीच्या आत. मी अडकले ते या शब्दांपाशी. कारण दिवाळीनंतर कोइमतूरला येते, असं मी पप्पांना आधीच सांगून बसले होते.

सांगितलं होतं ते मे महिन्यात. निकाल लागलेला, काम काहीच नाही. दुकानातलं इंग्रजी सगळं माझा चुलतभाऊ बघायचा, टॅक्सचं ऑनलाइन, बँकेचं, मोठ्या गिऱ्हाइकांचे मेल. तो आता स्वतःचं दुकान टाकणार होता. पप्पांनी फोनवर विचारलं, “दिवाळीनंतर येतीस न्हवं? तुझ्याबिगर कोण हाय बघायला?” मी म्हणाले, “व्हय.” पप्पांना मी नेहमीच व्हय म्हणते. त्यात वेळ जात नाही.

मग तोवर काहीतरी करावं म्हणून साताऱ्याला आत्याकडं आले, आणि तोवर म्हणून ही नोकरी धरली. आणि त्या तोवरमध्ये सगळा घोळ झाला. मला त्या ऑफिसात बसायला आवडायला लागलं. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा एक तुकडा दिसतो. दिवसभर वाक्यं असतात, आणि वाक्यांना तुमच्या तोंडाकडं बघायची सवय नसते. मला दुकानाच्या वरची खोली आठवायची, ॲसिडचा वास धरून बसणारे पडदे, खालून येणारा पप्पांचा आवाज, आणि मी आपोआप नखं कुरतडायला लागायचे.

*

वर्कबुक मी दुरुस्त केलं. या वेळी पेन्सिल लावली, इतकी की मॅडम म्हणाल्या, जरा दम धर, ही व्याकरणाची वही आहे, शेत नांगरतेयस का? त्यानंतर त्यांनी मला दुसरं काम दिलं. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी रोजच्या इंग्रजी शब्दांचं एक पुस्तक निघणार होतं. प्रत्येक शब्दाला देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ, आणि वापराची दोन वाक्यं. क्यूपर्यंतची अक्षरं इतरांना वाटून झाली होती, पुढची अजून कुणालाच दिलेली नव्हती. मला आरपासूनचे शब्द मिळाले.

“आणि रिव्हाइज तू स्वतः लिहायचास,” मॅडम म्हणाल्या. “त्या शब्दावर तुझा हक्क आहे.”

ऑफिसातले दोघं-तिघं हसले. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम आहे. उच्चार लिहिला. अर्थ लिहिला, उजळणी करणे. एवढ्यावर भागलं असतं, पण तो तर माझा शाळेतला अर्थ झाला. खाली लिहिलं, सुधारणे. मग ते खटकायला लागलं. सुधारणे म्हटलं की आधीचं वाईट होतं असं येतं. मुलगा सुधारला म्हणजे आधी वाया गेलेला होता. फेरविचार करणे लिहिलं, तर ते वर्तमानपत्रातल्यासारखं वाटलं, तिथं फेरविचार नेहमी समितीच करते.

वाक्य लिहिलं, शाळेनं वेळापत्रक रिव्हाइज केलं. दुसरं, एसटीनं गाड्यांच्या वेळा रिव्हाइज केल्या.

मॅडमनी दोन्ही वाचली आणि पेन्सिल टेबलावर वाजवत राहिल्या. “शाळा बदलते, एसटी बदलते. माणूस कुठंय? मुलांना माणसाचं वाक्य दे.”

मी इंग्रजीत लिहिलं, तिनं आपला निर्णय रिव्हाइज केला, या अर्थाचं. इंग्रजीत ते किती सरळ दिसत होतं. इस्त्री केलेल्या कपड्यांतली एक बाई येते, निर्णय काढते, थोडा बदलते, परत ठेवते. कुणी दुखावत नाही. त्याखाली मराठी लिहिलं, तिने आपला निर्णय सुधारला.

“असं कुणी बोलतं?” मॅडमनी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“मग लोक काय म्हणतात ते ऐक आणि लिही. घाई नाही.”

घाई नाही हे त्यांना म्हणायला काय झालं. मला रोज संध्याकाळी पप्पांचा फोन यायचा.

“जेवलीस का?” इथून सुरुवात. मग आईचं गुडघेदुखीचं, मग दुकान. “वरची खोली रंगवून घेतली बग. तुला निळा आवडतो म्हणून निळा दिला.” दोन दिवसांनी, “टेबल घेतलंय तुझ्यासाटनं. काचंच्या आत बसायचं, आराम. एसी बी हाय.” मी व्हय व्हय म्हणत ऐकायचे. प्रत्येक फोनच्या आधी मी एक वाक्य तयार करून ठेवायचे, डोक्यात त्यातला एकेक शब्द बदलून बघायचे, आणि ते नीट झालंय असं वाटेपर्यंत पप्पा म्हणायचे, “चल, ठिवतो.”

एका दुपारी, ऑफिसात सगळे चहाला खाली गेलेले असताना, मी लिहून टाकलं. पप्पा, दिवाळीनंतर मी तिकडे येईन असं मला वाटत नाही. पाठवलं. दोन मिनिटं त्याच्याकडं बघत बसले. मेसेज बदलता येतो हे आठवलं. तो उघडला, सगळं पुसलं आणि लिहिलं, पप्पा, जेवलात का?

संध्याकाळी फोन.

“आगं, चार वाजता कोण जेवतं?”

“असंच इचारलं.”

“आन् त्येच्याखाली बारीक अक्षरात काय आलंय, एडिटेड? म्हंजे आदी येगळं काय व्हतं?”

“काय न्हाई. स्पेलिंग चुकलेलं.”

“जेवलातचं?”

“व्हय.”

 मागं भट्टीचा आवाज येत होता. मग पप्पा म्हणाले, “बरं.”

त्या ‘बरं’नं मी दिवसचे दिवस अस्वस्थ होते. ऑफिसात आरचे बाकीचे शब्द होत होते. रेन झाला, रिव्हर झाला, राइस झाला. मधे एक मोकळी जागा तशीच.

*

आत्या राहते गोडोलीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तिचे यजमान, त्यांना मी मामा म्हणते, फौजेतून सुभेदार होऊन आले. घरात ते अजूनही चप्पल एका रेषेत लावतात, आणि दुसऱ्यांच्याही. एका संध्याकाळी आत्या मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसून काड्या वेगळ्या करत होते, आणि मनात वाक्य फिरवता फिरवता ते तोंडातून बाहेर पडलं.

“आत्या, समज एकाद्यानं आदी हो म्हणलं, आन् मग न्हाई म्हणलं. तर त्याला काय म्हणायचं?”

“शब्द फिरवला म्हणायचं,” आत्या म्हणाली. “दुसरं काय?”

तिला विचार करावाच लागला नाही. एखादं पिवळं पान काढून टाकावं तेवढ्याच सहज ती म्हणाली. मग तिचा हात थांबला.

“कुणाला हो म्हणलीस?”

“कुणाला न्हाई. पुस्तकात लिवायचंय.”

“पुस्तकात,” आत्या म्हणाली. “आवं, ऐकलं का. पोरगी कुणाला तरी हो म्हणून बसलीय.”

मामा पेपरमागून बाहेर आले. “कोण हाय? कुटला हाय?”

“मामा, ऑफिसचं काम हाय. शब्दाचा अर्थ लिवायचाय. ठरलेलं बदलायचं म्हंजे काय, आसा.”

“अमेंडमेंट,” मामा म्हणाले. त्यांना एकदम बरं वाटलेलं दिसलं. “आमच्यात अमेंडमेंट यायची. ऑर्डरच्या कागदावर चिट्टी डकवायची, ह्या ओळीऐवजी ही ओळ वाचावी. पर एक ध्यानात ठिव, अमेंडमेंट वरनं खाली येती. खालनं वर कवा गेलेली मी तरी बघितली न्हाई.”

“आन् खालच्यानं केली तर?”

“मग ती अमेंडमेंट न्हवं, ती शिस्तभंग,” मामा म्हणाले आणि पेपरात परत गेले.

आत्यानं मेथीची पाटी माझ्याकडं सरकवली. “माणसानं एकदा शब्द दिला की दिला. तुझ्या पप्पानं बग कवा फिरवलाय का. त्येनं बारावीला आसताना आमच्या थोरल्या दादाला म्हणलं, जातो दुकानावर, आन् गेला. त्येला जायचं न्हवतं. रडत गेला गाडीत बसून. पर गेला.”

हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातात मेथीची काडी होती, ती मी किती वेळ मोडत राहिले कोण जाणे. मला तोपर्यंत वाटायचं, पप्पा दुकानातच जन्मले असावेत.

त्यानंतर माझी आणखीच पंचाईत झाली. इंग्रजीत जे साधं होतं ते मराठीत आल्या आल्या आरोप होत होतं. शब्द फिरवला, पलटी मारली, टोपी फिरवली, दिलेलं परत घेतलं. मी ऐकत सुटले होते. भाजीवाल्याकडं, रिक्षात, ऑफिसच्या जिन्यात. ठरवलेलं बदलणारं माणूस प्रत्येक वाक्यात खोटं ठरत होतं. ‘विचार बदलला’ तेवढा जरा सौम्य होता, पण तोही लोक लग्नाच्या हॉलबद्दल वापरतात, किंवा साडीच्या रंगाबद्दल. विचार बदलला म्हटलं की जसं काही नुकसान कुणाचंच नाही. आणि पप्पांनी तर खोली निळी रंगवली होती.

*

दसऱ्याला पप्पा आणि आई गावी आले. मीही निघाले, वडूज-मायणीवरून विट्याला जाणाऱ्या एसटीनं. खिडकीची जागा मिळाली. वडूज सोडल्यावर दोन्ही बाजूला ज्वारीची पेरणी चाललेली, मोकळी, कोरडी, लांबच लांब रानं. मोबाइल हातात होता, त्यात मी एक वाक्य लिहीत होते आणि पुसत होते. पप्पा, मला नोकरीवर ठेवलं तर. पुसलं. पप्पा, फक्त एक वर्ष. पुसलं. पप्पा, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर. हे तर लिहितानाच खोटं वाटलं. मायणीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी मोबाइल बॅगेच्या तळाशी टाकला.

आमच्या गावात गलाईवाल्यांचे बंगले आहेत. मोठे, दुमजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचे, आणि वर्षातले बहुतेक दिवस कुलूप लावलेले. दसरा-दिवाळीला आणि जत्रेला ते उघडतात. उघडले की पहिला दिवस धुण्यात जातो. मी पोचले तेव्हा आई आत सोफ्यांवरच्या चादरी झटकत होती, आणि पप्पा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पाण्याचा पाइप घेऊन पायऱ्या धूत होते. त्यांचे केस मागच्या वेळेपेक्षा पांढरे झाले होते, किंवा कलप लावायचा राहिला होता.

“आलीस? खराटा घी.”

मी खराटा घेतला. ते पाणी मारत होते, मी चिखल खाली ढकलत होते. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत.

“ते टेबल तुला दावतो फोटोत,” पप्पा म्हणाले. “फिरती खुर्ची हाय. चारी बाजूंनी फिरती.”

“पप्पा, मी येत न्हाई.”

मला वाटतं मी ते फार हळू म्हणाले, कारण त्यांनी पाइप थोडा बाजूला धरला, पाण्याचा आवाज कमी व्हावा म्हणून.

“काय म्हणलीस?”

“कोइमतूरला. मी येत न्हाई. साताऱ्यालाच राहते. त्या कामात.”

“व्हय म्हणलीवतीस की.”

“म्हणले व्हते,” मी म्हणाले. पाठ केलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं. समोर नुसता ओला ग्रॅनाइट होता आणि त्यात पप्पांचे पाय दिसत होते. “आता शब्द फिरवतीय.”

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्यासमोर हा शब्द स्वतःहून कुणी स्वतःला लावला नसावा. तो नेहमी दुसऱ्याला लावायचा असतो. “शब्द फिरवतीय म्हणती,” ते म्हणाले, मला नव्हे, पायरीला. “आन् वर त्वांड करून सांगती.”

“व्हय.”

पाणी वाहत होतं. 

“त्यो मेसेज मी वाचलावता,” पप्पा म्हणाले. “पयला. मग बगता बगता त्याचं जेवलात का झालं.”

“मग तुमी इचारलं का न्हाई?”

“इचारलं की. आदी काय व्हतं म्हणून इचारलं. तू म्हणलीस स्पेलिंग.”

मी त्याच पायरीवर परत खराटा मारला.

आतून आई ओरडली, “पाणी बंद करा आदी. टाकी सपली तर आंगोळीला काय माझं डोस्कं घेताय?”

पप्पांनी नळ बंद केला. पाइप गुंडाळत ते म्हणाले, “आता माणूस बगाय लागंल. बाहेरचं. बाहेरच्याच्या हातात हिशेब.” मग आत गेले.

त्या दिवशी ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. आईमार्फत बोलत होते. तिला म्हणावं पुरणपोळी घी. तिला इचार चार्जर कुटं हाय. मी समोरच बसलेली असायची. आई एकदा वैतागून म्हणाली, “मी काय टेलिफोन हाय का दोगांच्यात?” नंतर स्वयंपाकघरात तिनं मला विचारलं, “तितं ठिवणार तरी हायत का तुला?” मी म्हणाले, माहीत नाही. आईनं कपाळाला हात लावला. नोकरी पक्की झाल्यावर बोलायचं तरी, असं तिला म्हणायचं होतं. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण नोकरी मिळाली म्हणून नाही म्हणणं आणि यायचं नाही म्हणून नाही म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि मला दुसरी म्हणायची होती. हे आईला सांगता आलं नाही.

परत निघाले तेव्हा पप्पा मोटरसायकलवरून विट्याच्या स्टँडवर सोडायला आले.  गाडी लागली, मी चढले, खिडकीशी बसले. पप्पा खाली उभे, हात मागं बांधून.

“न्हाई ठिवलं त्येनी, तर काय करशील?” त्यांनी विचारलं.

“बगीन दुसरं.”

त्यांनी मान हलवली. होकाराची नव्हे, ऐकल्याची. गाडी सुरू झाल्यावर ते खिडकीच्या बरोबरीनं थोडं चालले. “ते टेबल मी परत देत न्हाई,” ते म्हणाले. “आसू दे तितंच.”

त्याचा अर्थ काय, हे मी सातारा येईपर्यंत उलटसुलट करून बघत होते. ते मला अजून वाट बघतो म्हणाले, की राग धरून ठेवतो म्हणाले? की नुसतं टेबलच? त्यांनाही बहुतेक ठरवता आलं नसेल.

*

ऑफिसात गेल्या गेल्या मी आरची ती मोकळी जागा भरली. अर्थाच्या जागी लिहिलं, पुन्हा पाहून बदल करणे. अभ्यासाबद्दल बोलताना, उजळणी करणे. वेळापत्रकाचं वाक्य ठेवलं, कारण मुलांना ते परीक्षेत लागेल. दुसऱ्या वाक्यात इंग्रजीत लिहिलं, तिनं आपलं उत्तर रिव्हाइज केलं. त्याखाली मराठी लिहिलं, आधी ती हो म्हणाली होती, मग नाही म्हणाली.

मॅडमनी वाचलं. त्यांची पेन्सिल वाक्यावर हलकेच फिरली.

“मराठी लांब झालं.”

“हो, मॅडम.”

“पण बोलतात असं.” पेन्सिल एका शब्दापाशी थांबली आणि तिनं त्याच्यावर आडवी रेघ मारली. “हा ‘मग’ काढ. ‘आधी’ आहे ना, ‘मग’ची गरज नाही.”

व्याकरणानं त्यांचं बरोबर होतं. एरवी मी कागद उचलला असता. दिवाळी जवळ आली होती, आणि त्यांना सरांना काय सांगायचं ते अजून सांगायचं होतं.

“मॅडम, ‘मग’ राहू द्या,” मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं.  ऑफिसातला एकजण टाइप करायचा थांबला असं मला वाटलं, पण तसं मला नेहमीच वाटतं.

“का?”

“मधे वेळ गेला होता,” मी म्हणाले. “तिचा.”

मॅडमनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. त्यांनी खोडरबर शोधलं. ते सापडेना, माझंच मागून घेतलं, आणि ‘मग’वरची रेघ पुसली. कागदावर पेन्सिलीची थोडी सावली राहिली.

“आर संपलं की एस घे,” त्या म्हणाल्या. “एस फार मोठं आहे. जून उजाडेल तुला.”

मी जागेवर येऊन बसले. जून म्हणजे दिवाळीच्या खूप पुढं. त्या जे म्हणाल्या ते मी जे समजले तेच आहे का, हे विचारायला पुन्हा उठावं असं वाटत होतं. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा तेवढाच तुकडा दिसत होता. संध्याकाळी पप्पांचा फोन येईल की नाही हे माहीत नव्हतं, म्हणून मोबाइल उलटा न ठेवता सुलटाच ठेवला आणि पुढचा शब्द काढला.